बंबाचे जळण (कोल्हापूर)

बंबाचे जळण : आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या बंबासाठी लागणारे लाकूड व इतर सुके इंधन, तसेच ते निवडणे, फोडणे, वाळवणे आणि साठवणे यांची रीत. कोल्हापूर भागात ‘सरपण’ या शब्दापेक्षा ‘जळण’ जास्त चालतो. त्यात लाकडाबरोबर शेणी (गोवऱ्या), चिपाड (रस काढलेला ऊस), करवंट्या, तुराट्या (तुरीच्या काड्या), मक्याची बुरकुंडे (दाणे काढलेली कणसे) असे सगळेच येते.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीला घर तापवावे लागत नाही, दारातली शेकोटी पुरते. पहाटेच्या आंघोळीला मात्र गरम पाणी लागतेच, म्हणून इथला घरगुती बॉयलर म्हणजे परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) किंवा न्हाणीच्या दाराशी ठेवलेला बंब. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत घराबाहेर छपरीत लाकडाचा मोठा बॉयलर बसवतात आणि त्यातले गरम पाणी जमिनीखालच्या नळांनी घरभर फिरवतात. बंबाची मांडणी त्याच जातीची आहे : आत जाळ, भोवती पाणी. त्यामुळे जळणाचे बरेचसे नियमही दोन्हीकडे सारखे आहेत.

बंब म्हणजे तांब्याचे उभे नळकांडे. मधून धूर जाण्याची नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेची जागा, बाजूला तोटी. अलीकडे स्टेनलेस स्टीलचे आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचेही बंब मिळतात. जळण खालच्या तोंडातून सारतात; बारीक ढलप्या वरून नळीतही टाकता येतात. चुलीत भांड्याच्या बुडाला जाळ लागतो. बंबात पाण्याला खरी उष्णता मिळते ती नळीतून वर चढणाऱ्या ज्वाळेची. जळण निवडताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे आपोआप कळत जाते. नुसते निखारे धरून बसणारे लाकूड बंबाचे बूड तापवते आणि नळीची वरची बाजू गारच ठेवते. बंबाला हवी ज्वाळा, तीही लांब आणि बिनधुराची.

ओल. कोणते झाड चांगले, हा प्रश्न लोक आधी विचारतात. त्याआधी विचारायला हवे की लाकूड किती वाळले आहे. पूर्ण कोरड्या एक किलो लाकडात साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता असते आणि हा आकडा बाभळीचा असो की पांगाऱ्याचा, फारसा बदलत नाही. बदलते ते आकारमान. बाभळीचे लाकूड दर घनमीटरला सुमारे ८०० किलो भरते, सावरीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सावर वाईट जळते असे नाही, ती लवकर संपते आणि जागा जास्त अडवते.

ओलीचा हिशेब मात्र सगळ्यांना लागू आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजनही पाण्याचेच असू शकते. ते पाणी तापून वाफ होऊन जायला दर किलोमागे ६०० किलोकॅलरींहून जास्त उष्णता खाते. वखारीत जळण वजनावर मिळते, तिथे हा तोटा दोनदा होतो. १०० किलो लाकडात २० टक्के ओल असेल तर ८० किलो लाकूड पदरात पडते. ४० टक्के असेल तर ६० किलोच. वर जास्तीचे २० किलो पाणी उडवायचा खर्च आहेच. सगळे धरून त्याच पैशात सुमारे ३० टक्के कमी उष्णता मिळते. श्रावणात भिजलेल्या ढिगातून घेतलेले ‘स्वस्त’ जळण बहुधा सगळ्यांत महाग पडते. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण बंबापुरती खरी आहे, पण सुक्याची उष्णता ओल्याला वाळवण्यातच जाते.

ओल्या जळणाचा दुसरा त्रास नळीत दिसतो. पहाटे बंब पेटवतो तेव्हा भोवतीचे पाणी गार असते, म्हणून नळीची भिंतही गार असते. अर्धवट जळलेला धूर तिला टेकला की त्यातली वाफ आणि डांबरट अंश तिथेच बसतात. सुरुवातीला ही काजळी मऊ असते, हाताने निघते. पुढे ती चकाकती, टणक होते आणि खरवडल्याशिवाय सुटत नाही. काजळीचा थर उष्णता अडवतो, नळी अरुंद करतो, धूर वर खेचणारी ओढ कमी होते, आणि ओढ कमी झाली की धूर आणखी वाढतो. डोळे चोळत फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईला हा सगळा क्रम पाठ असतो.

झाडे. बाभूळ हे इथले जुने, भरवशाचे जळण. जड, चिवट, सावकाश जळणारे, निखारा बराच वेळ धरणारे. ओली असताना ती निदान फुटते. वाळल्यावर गाठीवर कुऱ्हाड उडते, म्हणून तोडल्यावर लगेच फोडून घ्यावी. बाभळीची साल कातडे कमावण्याच्या कामी येते. कोल्हापुरी चपलांचे कातडे कमावताना हिरड्याबरोबर ती वापरतात. साल काढलेले ओंडके लवकर वाळतात आणि त्यांना किडाही कमी लागतो. एवढे गुण असूनही दोन बादल्या पाण्यासाठी एकटी बाभूळ लावणे हे चुकीचे आहे, कारण तिचा जाळ अंगात येईतो आंघोळ उरकलेली असते. दहा माणसांच्या घरात, एकामागून एक बंब भरायचा असतो तिथे तिची खरी किंमत कळते.

सुबाभूळ बांधावर लवकर वाढते, सरळ असते, सहज फुटते आणि लांब ज्वाळा देते. रोजच्या बंबाला तिच्यासारखे दुसरे सोयीचे लाकूड नाही. सुरूचे लाकूड त्याहून जड आणि उत्तम. निलगिरीचा जाळ चांगला, पण तिचा धागा पिळलेला असल्याने फोडताना दमवते. आंबा मध्यम, बाजारात खोक्यांच्या फळ्या आणि कारखान्यातल्या ढलप्या म्हणून तो बराच मिळतो. चिंच जड आणि फोडायला कठीण. शेवगा, पांगारा, सावर ही पेटवणापुरती.

काही झाडे बंबाजवळ आणूच नयेत. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि त्याचा धूरही त्रास देतो. कण्हेर विषारी आहे. आजरा-चंदगडकडे काजूची टरफले ढिगाने पडलेली दिसतात. त्यांतल्या तेलाने ती भडकून जळतात खरी, पण ते तेल दाहक आहे आणि धूर डोळ्यांना व कातडीला बाधतो.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून मोडकी खोकी आणि लाकडी पॅलेट जळणाला येतात. लाकूड सुके असते, मोहात पाडते. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड फक्त तापवून घेतलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेले, ते जाळू नये. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, सनमायका लावलेले तुकडे तसेच बाद. पेटवण म्हणून सायकलच्या टायरचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी घालण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडायलाच हवी. हा धूर उंच जात नाही, शेजारच्या खिडकीतच शिरतो.

पेटवण. गार नळी लवकर तापवणे हे पेटवणाचे काम. वाळलेले चिपाड, करवंटी, तुराटी, बुरकुंड यांपैकी काहीही चालते. करवंटी सर्वांत सरस. गुऱ्हाळाच्या हंगामात चिपाड गावोगाव दिसते, पण गुळाच्या कढईखालच्या चुलवाणाची (भट्टीची) भूक मोठी असल्याने ते सहसा तिथेच संपते. शेणी सावकाश धुमसते, निखारा राखते. ज्वाळा लागणाऱ्या बंबात ती जोडीला ठीक, मुख्य जळण म्हणून नाही. शेणीला कोल्हापुरात वेगळाच मान आहे : होळीच्या दिवसांत लोक पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करतात.

तोड आणि वाळवण. दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आगेमागे तोडलेले लाकूड सर्वांत चांगले वाळते, कारण पुढे कोरडी हवा आणि मग चैत्र-वैशाखाचे ऊन मिळते. ओंडके वीत-दीड वीत लांबीचे कापावेत. लाकडातले पाणी कापलेल्या तोंडांतून सर्वांत वेगाने बाहेर पडते, म्हणून आखूड तुकडा लवकर वाळतो. मग मनगटापेक्षा जाड काही राहू नये असे फोडावे. खाली दोन दगड किंवा विटा, वर आडवी मेढ, त्यावर फटी ठेवून रचा. जमिनीला टेकलेला थर कधीच वाळत नाही आणि वाळवी तिथूनच चढते. वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीने फार बिघडत नाही, वरचे पाणी दोन दिवसांत उडते. मृग लागण्याआधी मात्र सगळे छपराखाली गेले पाहिजे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो. तिथे चुलीच्या वर माळ्यावर जळण ठेवतात, म्हणजे खालच्या उबेने ते कोरडे राहते.

वाळलेले लाकूड ओळखायला यंत्र लागत नाही. तोंडाला भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात; ओले असले तर आवाज बद्द येतो. त्याहून पक्की रीत : एका तुकड्यावर खडूने खूण करावी, दर आठवड्याला तराजूत घालावा, वजन उतरायचे थांबले की ढीग तयार.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या अनेक गावांत घरात पाणी शिरले. पुरात भिजलेले जळण आधी गाळ धुऊन, मग उन्हात पसरून पुन्हा वाळवावे लागते, आणि पुरानंतर ऊन लगेच येत नाही. चिखली-आंबेवाडीसारख्या पूरगावांत जळण उंचावर ठेवण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

कुठून आणावे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार तोडायला परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. राधानगरी अभयारण्यातून लाकूड आणणे गुन्हा आहे. देवराईतली तर पडलेली काटकीही उचलायची नाही, हा संकेत कायद्यापेक्षा जुना आहे आणि त्यानेच आजरा, भुदरगड, शाहूवाडीतल्या कित्येक राया टिकल्या. जळणाचा भारा डोक्यावर आणतात त्या बहुतेक बायाच. नीट वाळवलेल्या जळणाने भाऱ्यांची संख्या घटते, ही या सगळ्या खटाटोपामागची सर्वांत मोठी बाजू आहे.

वापर. ४० लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १,५०० किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता नळीतून वाया गेली असे धरले तरी एक किलोच्या आतबाहेर सुक्या जळणात काम होते. याहून बरेच जास्त लागत असेल तर लाकूड ओले आहे किंवा नळी काजळीने भरली आहे. नळी आठवड्यातून एकदा नारळाच्या सोडणाने किंवा तारेच्या ब्रशाने साफ करावी. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब घरातल्या सगळ्यांसाठी पेटतो, म्हणून सफाई आदल्या दिवशीच उरकतात.

बंद न्हाणीत बंब पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि जीव जातो. पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नये, नाहीतर सांधे जोडणारे डाग (झाळ) वितळतात आणि बंब गळू लागतो. निव्वळ लाकडाची राख भांडी घासायला आणि परड्यातल्या झाडांच्या आळ्यांत टाकायला चालते. तांब्याचा बंब उजळायला चिंचेच्या कोळाबरोबर तीच राख घेतात.