टिपणपद्धती (विज्ञान वर्गातील)

शिक्षकाचे बोलणे, फळ्यावरील आकृत्या आणि प्रयोगातील निरीक्षणे वहीत नोंदवण्याच्या रीती. बोलीत 'नोट्स काढणे'. डी व्हेस्टा व ग्रे यांनी १९७२ मध्ये टिपणाची दोन कार्ये वेगळी केली : लिहिताना घडणारे आकलन आणि उजळणीसाठी उरणारा साठा. विचारकौशल्याचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे.

प्रश्नांसाठी डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे टिपण व तळाशी सारांश अशी कॉर्नेल पद्धतीची मांडणी असते. ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांच्या नावावर आहे. तिचा उगम कोणी १९४० च्या, तर बहुतेक जण १९५० च्या दशकात धरतात. ती मांडणारे पॉक यांचे पुस्तक १९६२ चे असल्याने व्यापक प्रसार त्यानंतरचा मानणे सयुक्तिक वाटते. त्याच विद्यापीठात १९७२ च्या सुमारास जोसेफ नोव्हाक यांनी मानसशास्त्रज्ञ ऑसुबेल यांच्या अध्ययन-सिद्धांतावर (नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडून शिकणे) संकल्पना-नकाशा, म्हणजे संकल्पना रेषांनी जोडून दाखवणारी आकृती, बेतला. टोनी बुझान यांच्या मनोनकाशाशी (मधल्या एका शब्दातून फांद्या फुटणारा 'माइंड मॅप') त्याची नेहमी गल्लत होते. नोव्हाक यांच्या नकाशात जोडरेषेवर शब्द लिहावाच लागतो. 'बाष्पीभवन' आणि 'उष्णता' यांच्यामध्ये 'शोषते' लिहायचे की 'सोडते', हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. विज्ञानाच्या दृष्टीने सारे मर्म इथे आहे. तरीही कार्पिक व ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगांत, पाठ समोर ठेवून नकाशा काढण्यापेक्षा पाठ मिटून आठवण्याचा सराव सरस ठरला.

हाताने लिहिणे लॅपटॉपपेक्षा बरे, हे म्यूलर व ओपनहायमर यांचे २०१४ चे मत २०२१ च्या पुनर्प्रयोगात टिकले नाही. लॅपटॉपवर शब्दशः उतरवणे अधिक आढळले, पण चाचणीतील गुणांत तसा फरक पडला नाही.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या घरभाषा आहेत. सेमी-इंग्रजी वर्गांत विज्ञान इंग्रजीतून चालते. 'इव्हॅपोरेशन' ऐकून समासात 'बाष्पीभवन' आणि त्याखाली घरचा 'आविरी' (तेलुगू) किंवा 'आवी' (कन्नड) हा वाफेचा शब्द लिहिणारा विद्यार्थी अर्थ पारखूनच पुढे सरकतो. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवणाऱ्यावर ही वेळ येत नाही. 'माठातले पाणी गार होते, शास्त्रीय कारण लिहा' याचे उत्तर तोही पाठ करतो : पाझरलेले पाणी वाफ होताना माठातील उष्णता घेते. मात्र डाव्या रकान्यात 'मे महिन्यात सोलापुरात माठ गार, मग कोकणात तितका का नाही?' असे लिहिणाऱ्याला हवेतील आर्द्रतेपर्यंत जावेच लागते.