आगोटीच्या आधी कागद: कोकणातल्या निवासी कॉलेजात वसतिगृहाचा अर्ज

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत कॉलेज मिळालं, प्रवेश निश्चित झाला, पहिली फी भरली. तरी वसतिगृहातली खोली अजून मिळालेली नसते. तिचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, पैसे वेगळे. हे माहीत नसल्यामुळे भर पावसात ट्रंक, गादी आणि आईवडील असा सगळा लवाजमा घेऊन थेट कॉलेजच्या दारात उभे राहणारे विद्यार्थी असतातच. मोठ्या शहरात अशा वेळी दोन-चार दिवसांत बाहेर सोय बघता येते. दापोली, लोणेरे किंवा रत्नागिरीजवळचं शिरगाव इथे ते सोपं नाही. गावं लहान, भाड्याच्या खोल्या मोजक्या, आणि समुद्र जवळ असेल तर घरमालकाला विद्यार्थ्यापेक्षा शनिवार-रविवारचा पर्यटक परवडतो.

म्हणून कोकणातल्या घरात मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची, बेगमी होते, तसे हे कागदही पावसाआधीच जमवायला हवेत. निकाल लागायची वाट बघायची गरज नाही. यातले बहुतेक कागद निकालावर अवलंबून नसतातच.

अर्ज कुठे करायचा

पहिला पर्याय कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाचा. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्य अशा अभ्यासक्रमांना सकाळी लवकर प्रक्षेत्रावर किंवा तळ्यावर जावं लागतं, त्यामुळे ही महाविद्यालयं मुळातच निवासी धाटणीची आहेत. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातली मुलंही इथे शिकायला येत आली आहेत. या वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या कार्यालयात किंवा रेक्टरकडे, म्हणजे वसतिगृहप्रमुखाकडे, करायचा. प्रवेश घेतला त्याच दिवशी हा फॉर्म मागून घ्या. कुणी आपणहून हातात देईल, या भरवशावर राहू नका.

दुसरा पर्याय शासकीय वसतिगृहाचा. समाजकल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं जिल्ह्याच्या आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आहेत. तिथे राहणं-जेवण मोफत. यातल्या ८० टक्के जागा अनुसूचित जातींसाठी असतात आणि उरलेल्या अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थ्यांत वाटल्या जातात. अर्ज एचएमएएस या वसतिगृह प्रवेशाच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं निराळी. रायगडातल्या कातकरी वाड्यांवरच्या मुलांनी तिकडे अर्ज करायचा.

तिसरा पर्याय जागेऐवजी पैशांचा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, तसंच आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. ही शेवटची योजना महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर. शासकीय वसतिगृहातली जागा आणि रोख भत्ता असे दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत. अर्ज मात्र वेळेत दोन्हीकडे टाकून ठेवावा, कारण वसतिगृहाची यादी लागेपर्यंत भत्त्याची मुदत निघून गेलेली असू शकते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ही माफी त्या दोन शुल्कांपुरतीच. वसतिगृहाचं भाडं, अनामत, मेसचं बिल हे सगळं भरावंच लागतं. ‘मुलींना सगळं फुकट आहे ना?’ असा प्रश्न खिडकीवर आला की मागची रांग तिथेच अडते.

उत्पन्नाचा दाखला

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हा या सगळ्या खटाटोपाचा कणा. तो ३१ मार्चपर्यंतच वैध असतो. त्यामुळे जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये उपयोगाचा नाही. एक एप्रिल उलटला की नवा काढायला टाका. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा घरून ऑनलाइन अर्ज करता येतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण कॉलेज प्रवेशांच्या दिवसांत सगळ्या तालुक्याचे अर्ज एकदम येतात आणि मुदतीचा शेवटचा दिवस हाच मिळण्याचा दिवस ठरतो.

घरात नोकरदार कुणी नसेल तर तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र लागतं. मच्छीमार घरात ना पगारपत्रक, ना सातबारा. तिथे बोटीची नोंदणी, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व असे जे असतील ते कागद तलाठ्यासमोर ठेवायचे. बोट दुसऱ्याची आणि वडील खलाशी असतील तर तसंच स्पष्ट लिहावं.

खरी गुंतागुंत चाकरमान्यांच्या घरात होते. आई आणि मुलं गावात, वडील मुंबईत, रेशनकार्ड एकीकडे आणि आधारचा पत्ता दुसरीकडे. आई गावात राहते म्हणून फक्त आंब्या-काजूचं उत्पन्न दाखवून दाखला काढायचा सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतील. तो ऐकू नका. उत्पन्न कुटुंबाचं धरलं जातं. वडिलांचा पगार त्यात येतो आणि त्यासाठी पगारपत्रक किंवा फॉर्म १६ जोडावा लागतो. मुलाचं नाव ज्या रेशनकार्डावर आहे त्याच तालुक्यातून दाखला काढा आणि आधारचा पत्ता आधी त्याच्याशी जुळवून घ्या.

जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा असं कुणी सांगितलं तर त्याला हे नम्रपणे सांगा.

सामाईक सातबारा

पंजाबराव देशमुख भत्त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्पभूधारक, दोन हेक्टरपर्यंतचा अल्पभूधारक. घाटावर हे सातबाऱ्यावरून चटकन कळतं. कोकणात एकेका सातबाऱ्यावर काका, चुलतकाका, आत्या, कधीच वारलेले आजोबा अशी वीस-तीस नावं असतात. क्षेत्र दिसतं चार हेक्टर. त्यात वडिलांच्या वाट्याला येतं घरामागचं परसू आणि कातळाचा एक तुकडा. कागद फक्त वरवर बघितला तर तुम्ही बागायतदार ठरता.

यावर उपाय असा: डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, काढा. डिजिटल सातबाऱ्याला १५ रुपये पडतात आणि तो कायदेशीर कामाला चालतो. सोबत वंशावळ लिहून वडिलांचा हिस्सा किती ते स्वयंघोषणापत्रात नमूद करा आणि तलाठ्याच्या अहवालात तो हिस्सा स्पष्ट उतरेल असं बघा. दाखला तहसीलदार देतात, पण त्यांच्यासमोर जातो तो तलाठ्याचा अहवालच. वडिलांचं नाव सातबाऱ्यावर चढलेलंच नसेल, जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी वारस नोंद. फेरफाराच्या नोटिशीलाच १५ दिवस जातात, आणि भाऊबंदांपैकी एकाने हरकत घेतली तर विषय लांबतो. हे काम बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुरू करायला हवं. शिमग्याला सगळी भावकी गावात येते, सह्यांसाठी याहून बरी वेळ नाही.

अंतराचा पुरावा

खोल्या कमी आणि अर्ज जास्त असले की कॉलेज गुणवत्ता, प्रवर्ग आणि घरापासूनचं अंतर बघतं. जवळचे विद्यार्थी रोज ये-जा करू शकतात असं धरलं जातं. यात खाडीपलीकडच्या मुलांवर अन्याय होऊ शकतो. दापोली तालुक्यातलं दाभोळ आणि गुहागर तालुक्यातलं धोपावे ही नकाशावर समोरासमोर दिसतात. मधे वाशिष्ठीची खाडी, तीवर फेरीबोट. बोट चुकली तर रस्त्याने चिपळूणकडून मोठा वळसा. अशा गावचं घर असेल तर अर्जात नुसतं गावाचं नाव लिहून थांबू नका. रस्त्याने अंतर किती, एसटीची शेवटची गाडी किती वाजता, वाडीपासून स्टॉपपर्यंत किती चालावं लागतं, हे चार ओळींत लिहून ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. निवड करणारे प्राध्यापक बहुतेकदा बाहेरगावचे असतात, त्यांना हा भूगोल ठाऊक असेलच असं नाही.

बाकीचे कागद

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश निश्चितीचं पत्र, फीची पावती, आधार, जातीचा दाखला आणि वैधता, रक्तगटासह वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो. या सगळ्यांच्या स्वसाक्षांकित प्रती पुरतात. मूळ कागद तपासणीपुरते दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने अडकवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलेलं आहे. नांदेड-वाशीमकडून येणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातले दाखले निघण्यापूर्वीच पूर्ण करावेत. एका सहीसाठी दापोलीहून परत जायचं तर आधी जवळपास तीस किलोमीटरवरचं खेड स्टेशन गाठायचं आणि मग पुढचा प्रवास.

स्थानिक पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं हा बाहेरच्या मुलांचा हमखास प्रश्न. जिल्ह्यात ओळखीचं कुणीच नसेल तर खोटं नाव घालू नका. रेक्टरशी बोला, यातून मार्ग निघतो. रात्री तापाने फणफणलेल्या मुलासाठी फोन लावला आणि पलीकडचा माणूस ‘कोण बोलतंय?’ म्हणाला, तर कुणाचाच उपयोग नाही.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं, आणि ते दर वर्षी नव्याने. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार वसतिगृहात राहणाऱ्याला आणखी एक वेगळं हमीपत्र द्यावं लागतं. ऑनलाइन भरल्यावर येणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. ही केवळ औपचारिकता नव्हे: महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही अशी तरतूद आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे.

यादी लागल्यावर

यादीत नाव आलं की दिलेल्या मुदतीत पैसे भरायचे, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाते. भाडं, अनामत आणि मेसचा आगाऊ हप्ता हे तीन वेगळे आकडे असतात. पावतीवर ते वेगवेगळे लिहून घ्या. अनेक ठिकाणी मेस विद्यार्थीच चालवतात आणि महिन्याचा खर्च डोक्यावर वाटला जातो. खाडा लावायचा, म्हणजे जेवण बंद ठेवायचं, तर किती दिवस आधी सांगायचं आणि किमान किती दिवसांचा धरतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. गणपतीत मेस चालू असते का, हेही. कोकणातली मुलं घरी जातात, स्वयंपाकीही जातात, आणि अमरावतीचा मुलगा चार दिवस वडापाववर काढतो.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ‘वसतिगृहात राहतो’ हा पर्याय निवडायला विसरू नका आणि रेक्टरच्या सहीचं प्रमाणपत्र जोडा. वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता घरून ये-जा करणाऱ्यापेक्षा जास्त असतो.

मुलींच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी लवकर बंद आणि मुलांचं उशिरापर्यंत उघडं, हा जुना प्रघात अजून दिसतो. मुलींच्या सुरक्षेचं कारण सांगून त्यांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असं आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लिहिलेलं आहे. ग्रंथालय रात्री उघडं असेल तर मुलींनाही तिथे बसता आलं पाहिजे, आणि तसा अर्ज लेखी करता येतो.

जागा चार वर्षांसाठी नसते, एका वर्षाची असते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, आणि त्यात हजेरी, निकाल, मेसची थकबाकी बघितली जाते. कृषीच्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी, म्हणजे ‘रावे’साठी, गावात राहावं लागतं. त्या काळात खोली ठेवायची की सोडायची, भाडं कसं आकारणार, हे जाण्याआधी लेखी घ्या. खोली सोडताना पंखा, पलंग, किल्ली रेक्टरच्या माणसाला दाखवून सही घ्यायची, मग मेस आणि ग्रंथालयाचं नो ड्यूज, आणि शेवटी मूळ पावती जोडून अनामतीचा अर्ज. पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यात येतात, तेव्हा ते मिळेपर्यंत कॉलेजच्या गावात उघडलेलं खातं बंद करू नका.