खानदेशातील विद्यार्थ्यांचे प्रथमोपचार प्रशिक्षण

डॉक्टर किंवा रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत जखमी वा अत्यवस्थ माणसाला जागेवरच द्यायची मदत, हृदय बंद पडल्यास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची कृती (सीपीआर) आणि मुळात अपघातच होऊ नये म्हणून घ्यायची खबरदारी यांचे शाळा-महाविद्यालयांतून दिले जाणारे शिक्षण. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ते मुख्यत्वे राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, स्काउट-गाइड आणि ज्युनिअर रेडक्रॉस यांच्यामार्फत मिळते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकरण आहे. मात्र ते बहुधा गुणांपुरते वाचले जाते. पट्टी बांधायला किंवा छाती दाबायला हात लागतात, आणि वर्गात हातांना काम मिळत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करावे लागते. ही शिबिरे बहुतेक हिवाळ्यात, गहू-हरभरा वर आलेला असताना भरतात. गावातले अपघात मात्र वेगळ्या वेळापत्रकाने चालतात : उन्हाचा तडाखा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, साप पेरणीपासून पुढे, नदी-नाल्याचे पाणी श्रावण-भाद्रपदात, फवारणीची विषबाधा कपाशी फुलपात्यावर आल्यावर. शिकलेले तंत्र सरावाशिवाय तीन ते सहा महिन्यांत हातातून सुटू लागते, असा प्रशिक्षणाचा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणजे जानेवारीत घेतलेले प्रमाणपत्र जुलैत फारसे उपयोगी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलेल्या शालेय सीपीआर उपक्रमात बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास शिकवावे असे म्हटले आहे. त्यातला ‘दरवर्षी’ हा शब्द आपल्याकडे गळून पडतो.

छाती दाबण्याची कृती. माणूस खांदे हलवून, हाक मारून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की सुरुवात करायची. अडखळत येणारे उसासे म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटे ते येऊ शकतात, आणि ‘अजून श्वास आहे’ म्हणून भोवतालचे लोक वाट पाहत बसतात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर तळहाताची टाच ठेवावी, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेल्याने ३० दाबांमागे दोन श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी तयार केलेली पद्धतही केवळ दाबण्याचीच आहे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमलेला हात खोल जात नाही आणि दमल्याचे त्याला स्वतःला कळतही नाही. खाटेवर किंवा गादीवर दाबणे व्यर्थ. सरावाचा पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतील एका खेळणी-उत्पादकाने बनवला. तो नसेल तर घट्ट भरलेल्या गोणीवरही लय आणि ताठ कोपरे शिकवता येतात, खोलीचा अंदाज मात्र येत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे वजन पुरेशा खोलीला कमी पडते. त्याला फोन लावणे, पत्ता नेमका सांगणे आणि मोठ्यांना बोलावणे शिकवले तरी पुष्कळ.

ऊन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बरळणारा, तोल जाणारा, अंग तापलेला माणूस उष्माघाताचा समजावा, मग त्याला घाम येत असो वा नसो. त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत व जांघेत ठेवावा आणि हे चालू ठेवतच दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातला कांदा सोबतीला असायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पन्हे आणि मीठ-साखरेचे पाणी ऊन लागण्याआधी पिण्यासाठी. उन्हात घोळणा फुटला की डोके मागे टाकायची घरोघरी सवय आहे. त्याने रक्त घशात उतरते. डोके किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा, मध्येच सोडून पाहू नये.

साप. ‘पान लागलं’ (साप चावला) अशी हाक आली की अजूनही काही गावांत आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात असा क्रम लागतो. विद्यार्थ्याची खरी कामगिरी हा क्रम उलटा करण्याची आहे, आणि ती पट्टी बांधण्यापेक्षा अवघड आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. म्हणून साप ओळखण्यासाठी त्याला मारणे किंवा पकडणे गरजेचे नाही. त्या भानगडीत दुसऱ्याला दंश होतो. चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, करकचून दोरी बांधणे हे तिन्ही टाळायचे. घोणस-फुरशाच्या दंशात बांधलेल्या अवयवाचे नुकसान वाढते, आणि दोरी एकदम सुटली तर अडलेले विष अंगभर जाते. अंगठी, कडे, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज चढल्यावर त्या रुततात. हात वा पाय लाकडी फळी लावून हलणार नाही असा ठेवावा, रुग्णाला चालवू नये, दंशाची वेळ लिहून ठेवावी. गाडी नसेल तर मोटारसायकलवर चालवणारा आणि मागचा यांच्यामध्ये रुग्णाला बसवून नेणे वाट पाहण्यापेक्षा बरे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे अपचन समजतात. श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहणे हाच मधला आधार, कारण मण्यार व नागाचे विष श्वासाचे स्नायू लुळे करते.

पाणी. श्रावणात रविवारी खानदेशाची देवी कानबाई घरोघरी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तेव्हा तापी, गिरणा, पांझरा कुठे आणि किती चढल्या आहेत हे काठावरच्या मुलांना ठाऊक असते. धरणातून सोडलेले पाणी मात्र काठावर पाऊस नसतानाही येते. विहिरींचे प्रकरण याहून गंभीर. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. बुडणाऱ्याची मिठी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडवत नाही. म्हणून आधी दोर, बांबू, हवा भरलेली ट्यूब, रिकामा कॅन, जे असेल ते फेकायचे. पाण्यात उतरणे शेवटी, आणि तेही दोर बांधून. बंद पडलेली जुनी विहीर किंवा गोबरगॅसचा खड्डा यांत तर हवाच विषारी असू शकते. तेथे उतरायचेच नाही, अग्निशमन दलाला बोलवायचे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ जातो. बुडालेल्याला आधी श्वास द्यावेत, मग छाती दाबावी. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी असते, पण ती येईपर्यंतची मिनिटे गावाचीच.

शेतातले बाकी धोके. फवारणीत चक्कर, लाळ, बारीक बाहुल्या दिसल्या तर हातमोजे घालून भिजलेले कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, औषधाचा डबा सोबत न्यावा, उलटी करवू नये; श्वास थांबलाच तर तोंडाला तोंड न लावता फक्त छाती दाबावी. सुट्टीत पंप पाठीवर घेणारे विद्यार्थीच असतात, त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये हा धडा त्यांच्यासाठीच आहे. रब्बीला रात्रपाळीची वीज आली की ओल्या पायांनी पंपाच्या स्टार्टरला हात जातो. चिकटलेल्या माणसाला धरण्याआधी प्रवाह बंद करावा. तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, डीपीचा फ्यूज स्वतः काढू नये, लाईनमनला बोलवावे. मळणी यंत्राजवळ उपरणे, ओढणी आणि पदर खोचलेले हवेत. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट नको, वीस मिनिटे वाहते साधे पाणी.

रस्ता. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात, आणि सायकल-दुचाकीवरून महाविद्यालयात जाणारी मुले त्यांवरच असतात. वाहत्या रक्तावर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरावा, तो भिजला तर वरून दुसरा ठेवावा, पहिला उचलू नये. मान दुखत असेल तर डोके जसे आहे तसे दोन्ही हातांनी धरून ठेवावे. मदतीला पुढे न येण्यामागे बहुतेक वेळा पोलिसांची झंझट हेच कारण असते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १३४-अ यांनी सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच दुरुस्तीने पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ही माहिती हेल्मेटच्या घोषणेपेक्षा वर्गात जास्त ऐकली जाते. संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर पुढे लहान मूल बसवू नये, कारण नायलॉन मांजा गळ्यावरच येतो.

सातपुड्यात, धडगाव-तोरणमाळच्या पाड्यांवर, ‘रुग्णवाहिका येईपर्यंत’ ही व्याख्याच ताणली जाते. तेथे रुग्ण झोळीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, नर्मदेकाठच्या गावांना तरंगत्या दवाखान्याचा आधार असतो. मैदानी शाळांत हौसेने करायचा दोन काठ्या व घोंगडीच्या स्ट्रेचरचा प्रयोग येथील आश्रमशाळांत रोजच्या गरजेचा आहे. शिकवणारा मराठीत बोलतो आणि मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात, म्हणून प्रत्येक कृती आधी करून दाखवावी आणि नंतर एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याकडून त्यांच्या बोलीत सांगवून घ्यावी. झोपण्यासाठी खाट द्यावी, ती नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मण्यारीला अडवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पट्ट्यात आढळतो. अशा मुलाला अंगदुखीचा झटका आल्यास गरम पांघरूण व भरपूर पाणी द्यावे आणि उशीर न करता आरोग्य केंद्रात न्यावे.

धुळे, जळगाव व नंदुरबार येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे प्रशिक्षक दुरून आणण्याची अडचण उरलेली नाही. उरते ती तारीख. जूनमध्ये शाळा उघडतानाचे दोन तास साप आणि पाण्यासाठी, आणि मार्चअखेरचे दोन तास उन्हासाठी ठेवले, तर हिवाळी शिबिराला छाती दाबण्याचा आणि पट्ट्यांचा सराव सावकाश घेता येतो.