परसबागेतील नैसर्गिक कीडनियंत्रण

रासायनिक कीटकनाशके न वापरता परसबाग, गच्ची किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांवरील किडी आटोक्यात ठेवण्याच्या पद्धती. कीड समूळ नष्ट करणे हा इथे हेतू नसतो. झाडाला सोसेल इतकी ती राहिली, तरच तिच्यावर जगणारे मित्रकीटक बागेत टिकतात.

नाशिकमध्ये हवेबरोबर कीड बदलते. हिवाळ्यात आभाळ आले की वाल आणि गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसतो; फेब्रुवारीनंतर कोरडे ऊन तापले की वांगी-मिरचीवर लाल कोळी आणि फुलकिडे वाढतात. जास्वंदीला पिठ्या ढेकूण फार छळतो. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली की तो आलाच समजावे. ढेकणाने सोडलेल्या गोड, चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात. त्याच द्रवावर पुढे काळी बुरशी धरते. त्यामुळे आधी मुंग्यांची वाट अडवावी, मग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात पुंजके घासून काढावेत.

याच किडीसाठी द्राक्षबागांत क्रिप्टोलिमस हा भुंगेरा सोडतात. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा कीटक १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असते, त्यामुळे ढेकूण समजून ती हमखास चिरडली जाते. ती ढेकणापेक्षा मोठी असते आणि चपळ चालते, एवढे पाहून मगच हात चालवावा.

फवारणीत निंबोळी अर्काला तोड नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवतात. ५० ग्रॅम भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळला आणि त्यात थोडा साबण मिसळला की ५ टक्क्यांचा अर्क होतो. त्यातील ॲझाडिरेक्टिन हा किडींवर काम करणारा घटक उन्हात लवकर निकामी होतो. म्हणून फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून करावी. किडी लगेच मरत नाहीत. त्यांचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते. त्यामुळे आठवड्याने पुन्हा फवारावे लागते.

दहा वनस्पतींचा पाला कुजवून केलेला दशपर्णी अर्क शेतावर ठीक. त्यात कण्हेर, रुईसारखा विषारी पाला असतो, तेव्हा बाल्कनीतल्या कोथिंबीर-पालकावर तो नको. तंबाखूचा काढा तर टाळावाच: निकोटीन माणसालाही घातक आहे, आणि तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो.

दसऱ्यासाठी लावतात तो झेंडू टोमॅटोशेजारी सापळा पीक म्हणून उपयोगी पडतो. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग त्याच्या फुलांवर अंडी घालतो. दोन्ही झाडे एकाच वेळी फुलावर यावीत म्हणून झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा मोठे निवडतात. अळी लागलेली फुले मात्र वेळच्या वेळी खुडावी लागतात, नाहीतर ती तिथेच पोसून टोमॅटोवर उतरते.