स्ट्रोजर दूरध्वनी केंद्र

ऑपरेटरच्या मदतीवाचून, फोनच्या तबकडीतून (डायल) येणाऱ्या विजेच्या स्पंदांवर, म्हणजे तुटक ठोक्यांवर, पायरी-पायरीने दोन फोन जोडणारे विद्युत यांत्रिक केंद्र. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठीत ‘नंबर फिरवणे’ रूढ आहे, ते या तबकडीमुळेच.

शोधाचे श्रेय सहसा कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर याला देतात. प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती, ती गिऱ्हाइकांचे फोन नवऱ्याकडे वळवी, अशी कथा आहे. कुणी बायको म्हणते, कुणी नात्यातली बाई. म्हणून ती जपूनच घ्यावी. कॉनोली बंधू व मॅक्टाय यांचे स्वयंचलित जोडणीचे पेटंट १८७९ चे, म्हणजे आधीचे. तरी पुढची केंद्रे ज्या रचनेतून वाढली, ती १८९१ च्या स्ट्रोजर पेटंटातली असल्याने आरंभ तेथूनच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिले सार्वजनिक केंद्र १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे निघाले. तबकडी सुमारे १८९६ ची. त्याआधी कळा मोजून दाबाव्या लागत.

रिसीव्हर उचलला की रिले (विजेवर चालणारी कळ) ओढला जातो, मोकळा निवडक (सिलेक्टर, म्हणजे वर चढून व आडवे फिरून तार निवडणारा दांडा) मिळतो व डायल टोन येतो. बोटाने तबकडी ओढताना काही घडत नाही. ती मागे परतताना सेकंदाला सुमारे १० वेळा विद्युतमंडल तुटते, तोच एकेक स्पंद. ४ ला ४ स्पंद, ० ला १०. सुरुवातीच्या अंकांवर गट निवडक फक्त वर चढतो. त्या थरावर आडवे फिरून मोकळी तार तो स्वतःच हुडकतो. अंतिम निवडकाच्या चढण्याच्या व वळण्याच्या दोन्ही हालचाली मात्र फोन करणाऱ्याच्या हातात. त्यात १० थरांवर १०-१० असे १०० संपर्क अर्धवर्तुळात बसवलेले असतात. शेवटी ४७ फिरवले, तर दांडा खटखट करत चार खाचा चढतो, मग सात खाचा वळतो आणि त्याच्या स्पर्शपट्ट्या नेमक्या त्या ग्राहकाच्या तारेवर टेकतात. ती अडकलेली असेल तर एंगेज टोन. एक अंक चुकला तरी रिसीव्हर ठेवून पुन्हा पहिल्यापासून फिरवावे लागे, कारण अंक साठवणारे या रचनेत काहीच नव्हते.

भारतातले पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यात आले. स्ट्रोजर सामग्री पुढे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये (स्थापना १९४८) बनू लागली. एसटीडीचा (ऑपरेटरशिवाय परगावी थेट नंबर फिरवण्याची सोय) आरंभ १९६० मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर झाला. ती सोय येईपर्यंत परगावी ऑपरेटरमार्फत ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पण सोयरीक आणि बाजार कोल्हापूरशी राहिला, त्यामुळे सीमाभागाला ही वाट पाहणे फार जाचक होते. बेळगावचा एसटीडी संकेत ०८३१, कोल्हापूरचा ०२३१. फरक एका अंकाचा.