किल्ली तीच, सही बाद

२०२२ साली उबंटू २२.०४ किंवा मॅकओएस व्हेंच्युरावर गेलेल्या अनेकांचं एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायचं साधन, रुसून बसलं. आदल्या दिवशी मुकाट उघडणाऱ्या जुन्या सर्व्हरशी जोडताना ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’ असा संदेश येऊ लागला, कुठे नुसतंच ‘परमिशन डिनाइड’. किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) तीच, आयपी तोच. मग खापर फुटलं अपग्रेडवर. दुखणं मात्र पंचवीस वर्षांहून जुनं होतं.

१९९५मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत होतं. त्यावर उतारा म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेने शा-१ हे हॅश फंक्शन (कोणत्याही मजकुराचा छोटा ठसा काढणारं गणित) प्रमाण म्हणून जाहीर केलं. पुढे एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीत आरएसए या प्रकारच्या किल्लीने करायच्या सहीत (ओळख पटवणाऱ्या गणिती शिक्क्यात) हेच शा-१ बसवलं गेलं, आणि किल्लीच्या प्रकाराला व सहीच्या पद्धतीला ‘एसएसएच-आरएसए’ हे एकच नाव पडलं. पुढचा सगळा घोळ या नावाचा आहे, असं माझं मत.

शा-१ला पहिला तडा २००५मध्ये गेला, तो चीनच्या वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांमुळे. २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. जानेवारी २०२०मध्ये लोरां आणि पेरां या संशोधकांचा त्याहून घातक हल्ला प्रसिद्ध झाला. त्याचा खर्च पन्नास हजार डॉलरच्या आत. पुढच्याच महिन्यात ओपनएसएसएच (एसएसएचचा बहुतेक सगळीकडे चालणारा प्रोग्राम) ८.२च्या टिपणात शा-१ची ही सही लवकरच बंद होणार, अशी सूचना आली. (रिलीजची टिपणं वाचतो कोण!) सप्टेंबर २०२१मध्ये ८.८ने ती खरंच बंद केली. उबंटू २२.०४मध्ये ८.९ आलं, व्हेंच्युरात ९.०. घाव लोकांना जाणवला तो तिथे.

यानंतर बऱ्याच जणांनी आरएसए किल्ल्याच पुसून टाकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाद झाली होती फक्त शा-१ची सही. तीच किल्ली शा-१च्या वारसदार शा-२नेही सही करते. ओपनएसएसएचला ते २०१६च्या ७.२पासून जमतं. अडतात ते त्याआधीचे सर्व्हर, उदाहरणार्थ ५.३ घेऊन बसलेली सेंटओएस ६ ही जुनी लिनक्स प्रणाली, किंवा कधीच अपडेट न झालेले राउटर आणि स्विच.

म्हणून आधी जोडणी ‘व्हर्बोज’ (सगळा तपशील दाखवणाऱ्या) पर्यायाने चालवून पलीकडची आवृत्ती बघावी. होस्ट कीची तक्रार असेल तर अडचण सर्व्हरच्या ओळखीची, ‘परमिशन डिनाइड’ असेल तर बहुधा तुमच्या सहीची. दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या आहेत. सर्व्हर अपग्रेड होणारच नसेल, तर जुनी सही कॉन्फिग फाइलमध्ये त्या एकाच होस्टच्या नावाखाली चालू करावी. तिथे होस्ट म्हणून तारा (*) टाकला, की ती सगळ्याच सर्व्हरांसाठी उघडते.