रिव्हनचे अंक आणि बेळगावचा बाजार

एका बेटावरच्या रिकाम्या शाळेत मुलांसाठी एक खेळणे ठेवलेले आहे. दोरीला एक छोटी माणसाची आकृती टांगलेली असून तिच्या खाली एका हिंस्र जलचराचा जबडा वासलेला आहे. खेळणे फिरवले की चौकटीत एक अनोळखी चिन्ह उमटते आणि आकृती टकटक करीत काही पायऱ्या खाली येते. ते चिन्ह म्हणजे काय, हे कोणीही सांगत नाही. टकटक मोजायची, चिन्हाशेजारी वहीत आकडा लिहायचा आणि पुन्हा फिरवायचे, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती असते.

हे बेट ‘रिव्हन’ या संगणकीय खेळातले आहे. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकन भावांनी १९९३ साली ‘मिस्ट’ हा खेळ काढला, आणि १९९७ साली आलेला रिव्हन हा त्याचाच पुढचा भाग होय. या मालिकेत शत्रू अंगावर येत नाहीत, घड्याळ धावत नाही. निर्जन जागा, बंद दारे आणि न कळणारी यंत्रे तेवढी असतात. रिव्हन पाच सीडींवर मिळत असे. बेळगावात टिळकवाडीत मामांच्या घरी पावसाळ्याच्या दिवसांत आम्ही तो खेळत असू, तेव्हा एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना सीडी बदलावी लागे, आणि तिच्यावर ओरखडा असला तर त्या दिवसाचा प्रवास तिथेच थांबे.

परंतु मुद्दा त्या अंकांचा आहे. एक म्हणजे चौकटीत उभी रेघ, आणि दोन, तीन व चार यांचे आकार वेगळे. पाचासाठी मात्र नवा आकार येत नाही, एकाचीच रेघ आडवी केलेली असते. सहा म्हणजे ती आडवी रेघ आणि तिच्यावर एकाची उभी रेघ. दहा म्हणजे आडवा केलेला दोन. याचा अर्थ असा की या चारांपैकी कोणतेही चिन्ह काटकोनात फिरवले की त्याची किंमत पाचपट होते. खेळणे दहाच्या पुढे जात नाही, पण ज्याला हा नियम दिसला त्याला पंधरा, वीस आणि चोवीस ही चिन्हे न पाहताच काढता येतात. पंचवीसला दुसरी चौकट सुरू होते, कारण ही पंचवीसच्या पायावरची गणना आहे, म्हणजे डावीकडची प्रत्येक चौकट पंचवीसपट किमतीची असते. १९९७ हे वर्ष तिच्यात तीन चौकटींत मावते, ३ गुणिले ६२५, ४ गुणिले २५ आणि वर २२. शून्याचे चिन्ह सोडले तर चार आकार आणि एक नियम एवढ्यावर सगळे भागते.

बेळगावच्या माणसाला यात ओळखीचे काहीतरी जाणवावे. गणपत गल्लीत रताळी घेताना एकाच गाड्यावर दोन मोजण्या कानावर पडतात. कानडीत वीस म्हणजे ‘इप्पत्तु’, एक म्हणजे ‘ओंदु’, आणि एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’. दहाच्या पटींची नावे आणि एक ते नऊ कळले की पुढचे बहुतेक शब्द आपोआप जुळतात. मराठीत तसे होत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट यांत दोन दडलेला आहे खरा, पण त्याचे रूप एकसारखे राहत नाही, आणि एकोणतीस तर तिसातून एक वजा करून येतो. त्यामुळे शंभरापर्यंतची नावे मुलाला जवळजवळ घोकूनच घ्यावी लागतात. (मराठीचा अभिमान असूनही, या एका बाबतीत कानडी सरस आहे हे मी मान्य करतो.) अंकांच्या नावांची घडण मुलांच्या मोजण्यावर परिणाम करते, हे केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना करून दाखवले. ज्यांच्या भाषेत ‘दहा-एक, दहा-दोन’ अशी सरळ नावे आहेत, ती चिनी मुले दहाच्या पुढे कमी अडखळत होती.

मराठी नावांना आणखी एक वळण आहे. ‘बावीस’मध्ये दोन आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, तर लिहिताना वीसचा अंक आधी येतो. जर्मन भाषेतही क्रम असाच उलटा आहे, आणि तिथली लहान मुले ऐकलेली संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करतात असे अभ्यासांत आढळले आहे.

रिव्हनच्या शेवटाकडे एक बंद घुमट उघडण्यासाठी पंचवीस खाचांच्या पट्टीवर पाच सरकत्या खुणा असतात आणि त्या नेमक्या पाच खाचांत बसवाव्या लागतात. अशा जुळण्या ५३,१३० होतात. एकेका जुळणीला दहा सेकंद धरले तरी अखंड सहा दिवस-रात्री लागतील; म्हणून अंदाजाने कुलूप उघडण्याचा मार्ग बंद होतो. उत्तर खेळातल्याच एका वहीत त्या अनोळखी अंकांत लिहिलेले असते आणि दर नव्या खेळात ते बदलते, म्हणून शेजाऱ्याकडून ऐकलेली संख्याही उपयोगी पडत नाही.

गेल्या दिवाळीत खानापूरची भाची हा खेळ घेऊन बसली. शाळेतले खेळणे तिने वीसेक वेळा फिरवले, दहा चिन्हे कागदावर काढली आणि म्हणाली, “मामा, पाच म्हणजे आडवा एकच की ओ!” पंधराचे चिन्ह तिने आधी कागदावर काढले आणि मग वहीत शोधले, ते जसेच्या तसे सापडले. तरीही पाचही खुणा बसवून घुमट उघडेना. दोघांनी कागद पुन्हा तपासला, तेव्हा कळले की एका चौकटीत आडवा चार आणि उभा दोन होता, तो तिने उभा चार आणि आडवा दोन असा वाचला होता. बावीसऐवजी चौदा. तिने चौदाव्या खाचेतली खूण बावीसाव्या खाचेत सरकवली आणि कळ दाबली.